दादा व्यसनमुक्ती केंद्रातून परत आलाय, गावाला काय सांगायचं?

रानवाट_माण

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसतं वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच. लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

माझा थोरला दादा, वय ४१. गाव माण तालुक्यात, तीन एकर डाळिंब आणि थोडी बाजरी. पंधरा वर्षं प्यायचा, त्यातली शेवटची चार-पाच वर्षं सकाळी उठल्यापासून. हात इतके थरथरायचे की आई त्याला कप अर्धाच भरून द्यायची, तरी बशीत ओतेस्तोवर निम्मा चहा अंथरुणावर. फेब्रुवारीत एकदाचा तयार झाला आणि पुण्याकडच्या एका केंद्रात पाच आठवडे राहून आला. आता सहावा महिना चालूय, थेंब नाही. परवा बशीत चहा ओतून फुंकर मारत निवांत पीत होता, आणि आई चुलीपुढं बसून नुसती त्याच्या हाताकडं बघत होती, तव्यावरची भाकरी करपली तरी तिला कळलं नाही.

आता मूळ मुद्दा. तो गेला तेव्हा आम्ही गावात सांगितलं की मणक्याचा त्रास आहे, पुण्याला ट्रॅक्शन लावलंय. भावकीतल्या दोघांनी भेटायला जायचं म्हणून दवाखान्याचं नाव विचारलं तर आई रात्रभर जागी. मला कळत नाही ते हे की दादा पारावर, एसटी स्टँडवर, एकदा तर शाळेच्या गेटसमोर पडलेला असायचा तेव्हा सगळं गाव बघत होतं, तेव्हा लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं, मग आम्ही लपवलं काय तर उपचार! पिण्याचं गावाला काही वाटत नाही हो. निवडणुकीत धाब्यावर चालतं, हळदीला मांडवामागं चालतं, यात्रेत तर विचारूच नका, उलट कुणी नको म्हणला की त्यालाच विचारतात, का रं, माळ घातली का काय. पण दवाखान्यात गेला म्हणलं की घराण्याला डाग.

परत आल्यावर पहिल्याच दिवशी पारावर एकजण म्हणला, बघू किती दिवस टिकतंय, आणि दोघांनी कोंबडीची पैज लावली. पुतणी नववीत आहे, तिला वर्गातल्या पोरींनी विचारलं तुझे पप्पा वेड्यांच्या दवाखान्यात होते ना. सोसायटीच्या कर्जाला जामीन कुणी राहीना. प्यायचा तेव्हा मात्र त्याच लोकांनी जामीन दिला होता, कारण संध्याकाळी तो पाजायचा.

पुढच्या महिन्यात चुलत भावाचं लग्न आहे. दादा म्हणतो मी हळदीला येत नाही. आई म्हणते नाही आलास तर लोकं काय म्हणतील. तुमच्यापैकी कुणाच्या घरात हे झालंय का? लोकांना खरं सांगितलं का? सांगितल्यावर काय झालं?

बाभूळबन

ताई, सगळं वाचलं. आमच्या घरी वडिलांचं होतं. आम्ही कावीळ सांगायचो. खरं म्हणजे कावीळ होतीच, फक्त कशानं झाली ते कुणी बोलायचं नाही. गेले ५२ व्या वर्षी. दादाला माझा नमस्कार सांगा.

मोहझाड

मी गडचिरोलीचा. आमच्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, बायांनी आणि गावांनी लढून आणलेली, डॉ. अभय बंग आणि राणीताई त्या लढ्यात होते. बंदी आहे म्हणजे दारू नाही असं नाही जी, चोरून येतेच, मोहाची गाळतातच. पण लढाई दारूशी आहे की पिणाऱ्याशी हा फरक आमच्या गावाला समजायला फार वेळ लागला. बाया भट्टी फोडायच्या, मडकी फोडायच्या, ते बरोबरच होतं. पण ज्याचा हात सकाळी कापतो त्याचं काय करायचं हे कुणाजवळच नव्हतं. त्याला रागवायचे, दंड करायचे, तो रात्री नदीपलीकडं जाऊन पिऊन यायचा.

२०१६ पासून मुक्तिपथचं, म्हणजे दारू-तंबाखू सोडवायच्या मोहिमेचं, काम सुरू झालं तेव्हापासून तालुक्याला क्लिनिक झालं आणि गावात उपचाराची शिबिरं व्हायला लागली. आमच्या गावात पहिलं शिबिर समाजमंदिरात झालं. मंडपात खुर्च्या मांडल्या होत्या पण लोकं मागच्या भिंतीला टेकून, तोंड दाराकडं करून उभे, कुणी आलं तर पटकन निघता यावं म्हणून. मग गावातल्या एका म्हाताऱ्या भूमियानं, ज्याचा गावात मोठा मान आहे, स्वतः जाऊन पहिल्या खुर्चीत बसून नाव लिहिलं. म्हणला मला खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, सुटत नाही, माझं आधी घ्या. त्यानंतर तीन-चारजण बसले. मला ती गोष्ट कधी विसरता येत नाही.

पाटीलवाडा

मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. लाज ही हवीच. लाज काढून टाकली तर उद्या प्रत्येकजण म्हणेल मला आजार आहे, आणि बायको-पोरांनी काय करायचं? माझी बहीण दोन लेकरं घेऊन माहेरी आलीय, तिच्या कानाला मार लागून ऐकू कमी येतं. त्या माणसाला मी आजारी म्हणू? सहानुभूती कुठून आणू? राळेगणसिद्धीत दारुड्यांना खांबाला बांधून मारलं हे अण्णांनी स्वतःच सांगितलंय, आणि ते गाव सुधारलं हे सगळ्या देशानं पाहिलं. गावाचा धाक पाहिजे.

रानवाट_माण

पाटील दादा, राग नाही मानला. तुमच्या ताईंचं वाचून वाईट वाटलं. माझ्या वहिनीनंही खूप सोसलंय, म्हणून तुमचं म्हणणं एकदम खोडून काढता येत नाही मला. पण धाक आम्हीही घालून बघितला, दोनदा खोलीत कोंडलं, वडिलांनी चाबकानं मारलं. काही झालं नाही.

सिस्टर_बीड

कोंडलं हे वाचलं आणि राहवलं नाही म्हणून ड्युटीवरून आल्या आल्या लिहितेय. मी बीड जिल्ह्यात ग्रामीण रुग्णालयात आहे. सगळ्यांना हात जोडून सांगते, रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला खोलीत कोंडून एकदम दारू बंद करू नका. शरीराला सवय झालेली असते, शेवटचा पेग गेल्यावर सहा-आठ तासांत थरथर, घाम, उलट्या सुरू होतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होऊ शकतो, त्यात माणूस दगावतो सुद्धा. हे दवाखान्यात गोळ्या आणि बी-१ व्हिटॅमिनची इंजेक्शनं देऊन सांभाळता येतं. नुसतं सलाईन लावून घरी पाठवणं म्हणजे उपचार नाही.

मागच्या दिवाळीआधीची गोष्ट. ऊसतोडीला जायच्या आधी सुधारायचा म्हणून एका घरानं पोराला कडी लावून ठेवलं. मुकादमाकडून उचल घेतलेली, कोयत्याला जोडीनं जायचं, नवरा असा असला तर जोडी कोण घेणार. तिसऱ्या दिवशी तो भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणून भिंत खरवडायला लागला, नखं निघाली. घरच्यांना वाटलं करणी. आधी देवर्षाकडं नेला, तिथं एक रात्र गेली, मग आमच्याकडं, तोवर दोन फिट येऊन गेलेल्या. वाचला तो. पण त्याची आई मला काय म्हणली माहितीये, "सिस्टर, कागदावर दारू लिहू नका, ताप लिहा." मरता मरता वाचलेलं पोरगं समोर, आणि तिला काळजी केसपेपरची. तिचा दोष नाही, धाकट्या लेकीचं स्थळ चालू होतं.

हे रोजचंय. केसपेपरवर पोटदुखी, ॲसिडिटी, चक्कर. पित्ताची गोळी घेऊन जातात, मूळ दुखणं तसंच. २०१९ ला एम्सचा देशभराचा सर्व्हे आला त्यात होतं की दारूच्या त्रासापायी मदतीची गरज असलेले साधारण ५.७ कोटी लोक आहेत, आणि दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागं एकच कसलातरी उपचार घेतो. बाकीचे ३७ कुठं आहेत? माझ्या ओपीडीत आहेत, पोटदुखी म्हणून.

शेतकरी_पोर

सिस्टर, एक विचारू का. पेपरात जाहिरात येते, रुग्णाच्या नकळत चहातून औषध द्या, दारू सुटेल. आई वडिलांसाठी मागवायचं म्हणतेय. दिलं तर चालेल का?

सिस्टर_बीड

नको, अजिबात नको. त्यात काय असतं ते कुणाला माहीत नसतं. डायसल्फिराम नावाची खरी गोळी आहे, ती घेतल्यावर दारू पोटात गेली की तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी खाली जातो, आणि गोळी थांबवली तरी आठ-पंधरा दिवस असर राहतो. ती पेशंटला सगळं समजावून, त्याची तयारी असली तरच डॉक्टर देतात. न सांगता दिली, तो बाहेर जाऊन प्यायला, तर रस्त्यात पडेल आणि लोकं म्हणतील जास्त झाली. वडिलांना जिल्हा रुग्णालयात मानसोपचार ओपीडीला घेऊन या. यायला तयार नसतील तर आधी तुम्ही आणि आई या, किंवा १४४४६ ला फोन करा, व्यसनमुक्तीचीच सरकारी हेल्पलाईन आहे, पैसे पडत नाहीत. टेलि मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाईनचा १४४१६ पण आहे, मराठीत बोलतात.

आजचादिवस

पाटील साहेब, मी खांबाला बांधला गेलेला माणूस आहे. गावाचं नाव लिहीत नाही. आमच्याकडं तंटामुक्तीवाल्यांनी एकदा ठरवलं आणि मला चावडीसमोर दुपारभर बांधलं. माझा पोरगा तेव्हा चौथीत, शाळा सुटल्यावर त्याच रस्त्यानं आला. माझ्याकडं बघितलं आणि मित्रांबरोबर तसाच पुढं गेला, जणू ओळखीचाच नाही. त्या रात्री सोडल्यावर मी जेवढी प्यायलो तेवढी आयुष्यात कधी प्यायलो नव्हतो. लाज कमी पडली म्हणून मी पीत होतो असं नाही, लाज मला सकाळी डोळे उघडायच्या आधी यायची आणि ती घालवायला मला दारू लागायची, एवढंच तुम्हाला सांगायचंय.

नंतर दोन वर्षांनी मामानं मुक्तांगणला नेलं. पुण्यातलं, १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलेलं, पुलं आणि सुनीताबाईंनी ज्याला मदत केली ते. ३५ दिवस. तिथं पहिल्यांदा मला कुणीतरी अहो-जाहो केलं. आणि तिथले बरेच कार्यकर्ते आधीचे पेशंटच, त्यामुळं थापा चालत नाहीत. एक खरं सांगतो, मी त्यानंतर सुद्धा दोनदा घसरलो. आमच्या गावाला वाटलं बघा, पैसे वाया. पण डायबेटिसवाल्याची साखर वाढली तर कुणी म्हणत नाही की डॉक्टर वाया. आज अकरा वर्षं झाली, रोज फक्त आजचा दिवस.

मीटिंगचं पण सांगतो. एएची, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाची, मीटिंग आमच्या तालुक्याला दर रविवारी शाळेच्या वर्गात होते, लहान पोरांच्या बाकावर गुडघे दुमडून बसतो आम्ही. पहिलं वर्षभर मी गाडी स्टँडवर लावून चालत जायचो, शाळेबाहेर गाडी दिसली तर गावात बातमी जाईल म्हणून. हीच गाडी पूर्वी गुत्त्यासमोर दिवसभर उभी असायची.

ताई, तुमचा प्रश्न. लोकांना काय सांगायचं ते तुम्ही नका ठरवू, दादाला ठरवू द्या. आजार त्याचा आहे, सांगायचा हक्क त्याचाच. मी सगळ्यांना नाही सांगितलं, चौघांना सांगितलं. आणि हळदीला नाही गेला तर नाही गेला! पहिल्या वर्षात जिथं बाटली फिरते तिथून लांब राहणं यात कसली लाज.

अजून एक. मला गावात परत उभं केलं ते भाषणांनी नाही. तिसऱ्या वर्षी यात्रेच्या वर्गणीचा हिशोब ठेवायला माणूस पाहिजे होता, आणि आमच्या शाळेतले जुने गुरुजी मीटिंगमध्ये माझं नाव बोलले. सगळे गप्प. गुरुजींनी उठून पावती पुस्तक आणि पैशाची पेटी माझ्या मांडीवर ठेवली. त्या वर्षी रोज रात्री तीन-तीनदा मोजायचो मी. शेवटी एक रुपया इकडचा तिकडं नव्हता. ज्याच्यावर गावानं विश्वास सोडलाय त्याला पैशाचं काम द्या, किल्लीचं काम द्या.

तिची_बाजू

आजचादिवस दादा, तुमच्या बायकोला पण नमस्कार सांगा, त्यांचं तुम्ही काही लिहिलं नाहीत.

मी बायको आहे अशा माणसाची. चौदा वर्षं. गावानं त्याला बेवडा म्हणलं, आणि मला बेवड्याची बायको. सासू म्हणायची तू नीट वागली असतीस तर प्यायला असता का. हळदीकुंकवाला गेले की बायका आपापसात खुणा करायच्या. मार लागला तर गोठ्यात घसरले म्हणायचे. सात वर्षं मी कुणाला बोलले नाही, माहेरी पण नाही. पाटील दादा, तुम्ही म्हणता लाज पाहिजे, पण त्या लाजेनं तो थांबला नाही, मी थांबले. पोलीस पाटलाकडं जायची थांबले, दवाखान्यात न्यायची थांबले. तुमची बहीण माहेरी आली आणि तुम्ही तिला घेतलंत, हे फार मोठं आहे, माझ्या भावानं घेतलं नसतं.

आजार म्हणणं म्हणजे मार माफ करणं नाही. मला केंद्रातल्या ताईंनी हेच पहिल्यांदा सांगितलं, की तो पितो ते तुमच्यामुळं नाही आणि तो मारतो ते तुम्ही सोसायचं नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. तो उपचाराला गेला, मी पोलिसात अर्ज पण दिला. तो आता पीत नाही, तरी अजून मी त्याच्याशी पूर्ण मोकळी बोलू शकत नाही, आणि त्याची घाई मला कुणी करू नये.

आणि बायकांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमच्या शेजारी एक मावशी होत्या, वीटभट्टीवर कामाला, अंग दुखतं म्हणून रात्री घ्यायच्या, मग वाढत गेलं. पुरुष प्यायला तर लोकं म्हणतात वाईट सवय, बाई प्यायली की चारित्र्य काढतात. त्यांना कुणी दवाखान्यात नेलं नाही, पोरांनी खोली वेगळी दिली. मिश्री मात्र घराघरात, पहाटे उठून आम्ही सगळ्याच लावतो, तिला व्यसन कुणी म्हणत सुद्धा नाही.

कोर्टकचेरी

थोडी कायद्याची माहिती. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये दारू आणि ड्रग्जच्या व्यसनाशी जोडलेले मानसिक त्रास मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतलेत. म्हणजे उपचार हा हक्क आहे आणि पेशंटची माहिती गुप्त ठेवणं दवाखान्यावर बंधनकारक आहे. पण केंद्र निवडताना नोंदणी बघा. साखळीनं बांधणारी, मारणारी, घरच्यांना भेटू न देणारी केंद्रं पण निघालीत, माझ्या एका पक्षकाराच्या भावाला अशाच एका ठिकाणी इतकं मारलं की तो आता कुठल्याच डॉक्टरकडं यायला तयार नाही. डॉक्टर कोण, किती दिवसांनी भेटू देता, हे आधी विचारा.

पाटीलवाडा

दोन दिवस उत्तर दिलं नाही, विचार करत होतो. मी मेहुण्याला घरात घेणार नाही, हे आजही तसंच आहे. तिची_बाजू ताई, तुमचं लिहिलेलं बहिणीला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, उठून आत गेली आणि थोड्या वेळानं येऊन म्हणली परत वाच.

खांबाचं मी मागं घेतो. तुमच्या पोराचं वाचल्यावर मला माझा भाचा दिसला. सहावीत आहे, त्याला इथं आमच्याच आळीत बेवड्याचा पोरगा म्हणतात आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं करत होतो. काल पहिल्यांदा एकाला थांबवून बोललो. भांडण झालं थोडं.

रानवाट_माण

सगळ्यांचे आभार कसे मानू. दादाला हा धागा दाखवला. त्याला मोबाईलवर वाचायला वेळ लागतो, दोन रात्री वाचत होता. वर्गणीच्या पेटीपाशी थांबला आणि चष्मा काढून ठेवला.

लग्नाचं सांगते. हळदीला तो गेला नाही. चुलत्यांना त्यानं स्वतः आदल्या दिवशी जाऊन सांगितलं, काका मी दारूच्या उपचाराला गेलो होतो, मणक्याचं खोटं होतं, मला मांडवामागं थांबता येणार नाही, पण अक्षतांना येतो आणि पंगतीचं काम मला द्या. काका बराच वेळ गप्प होते म्हणे. मग एवढंच म्हणले, भात तुझ्याकडं. लग्नात तीन पंगती उठेस्तोवर तो भाताचं घमेलं घेऊन फिरत होता, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. एकानं मस्करी केलीच, "आज कोरडाच का?" दादा म्हणला "व्हय, वरण वाढू का?" आणि पुढं गेला. आई पंगतीत बसली होती, तिचा घास हातातच राहिला.

सगळं गोड झालंय असं नाही. सोसायटीचं काम अजून अडकलंय. पुतणीच्या वर्गात तेच चालूय, वहिनी उद्या बाईंना भेटायला जाणार आहेत. आणि काकांचा धाकटा मुलगा, नवरदेवाचा भाऊ, लग्नानंतर चार दिवसांनी रात्री उशिरा आमच्या मागच्या दारानं आला. पुढच्या दारानं यायचं धाडस नव्हतं. दादाशी गोठ्यात बराच वेळ बोलत बसला होता.

सिस्टर, एक विचारायचं होतं. तो रोज पितो, सकाळी पण लागते. त्याला साताऱ्याला जिल्हा रुग्णालयात न्यायचं तर आदल्या दिवशी एकदम बंद करायला सांगायचं नाही ना?

सिस्टर_बीड

नाही, बंद करायला सांगू नका, आहे तसा घेऊन या. आधी फोन करून मानसोपचार ओपीडी कुठल्या वारी असते ते विचारून घ्या. रिकाम्या पोटी आणू नका, आधार कार्ड घ्या, चालू गोळ्या असतील तर पाकीट घ्या, आणि पूर्वी कधी फिट आली होती का ते घरच्यांना विचारून ठेवा. सोबत माणूस पाहिजेच.

रानवाट_माण

दादा जाणार आहे सोबत. सकाळी साडेसहाच्या एसटीनं.